समुद्र नाही, बेट नाही. मत्स्यशेतीचं साह्य आमच्या तलावाला मिळेल का?

प्रश्न : मी सानगडीची, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. आमचं घर ढिवरांचं. आमच्या बचत गटात अकरा जणी आहेत. टीव्हीवर दाखवतात की बेटांवरच्या, समुद्रकाठच्या लोकांना मत्स्यशेतीसाठी सरकार पैसे देतं, शिकवतं. आमच्याकडे समुद्र नाही, तलाव आहेत. आमच्यासाठी असं काही आहे का? असेल तर सुरुवात कुठून करायची? आणखी एक. माझ्या आजेसासूबाई म्हणतात, पहिले तलावात बीज न टाकता मासोळी असायची. आता दरवर्षी बीज विकत आणून टाकावं लागतं, तरी मासोळी कमीच. हे खरं आहे का? असं का झालं?
– एक वाचक भगिनी, सानगडी

उत्तर : ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचंही हो. पण मी उत्तराला दुसऱ्या प्रश्नापासून हात घालतो, कारण आजेसासूबाई काय सांगताहेत ते नीट समजलं की मगच हाती येणारा पैसा कशावर घालायचा ते ठरेल. पैसा आणि प्रशिक्षण मिळूनही तलाव रिकामे राहिलेले मी पाहिले आहेत.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं इथे तलाव बांधले. नवेगाव बांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचं नाव आजही जोडलं जातं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावांवरची जमीनदारी, संपली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. मालगुजाराच्या ताब्यातले तलाव सरकारकडे आले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव पडलं. आपण बोलताना ‘मामा तलाव’ म्हणतो. पुढे यातले 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. तुमच्या गावाजवळचा तलाव कोणाच्या ताब्यात आहे, हे या हस्तांतरावरून कळतं आणि पुढे अर्ज करताना ते लागतं, म्हणून हा इतिहास सांगितला.

हे तलाव बांधले ते धानासाठी. पाळीवरून पाहिलं तर तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, निघालेलं पाणी थेट बांध्यांमध्ये जाताना दिसतं. पण तलावाची दुसरी बाजू, जिथून पावसाचं पाणी आत येतं ती येव्याची बाजू, हळूहळू उतरत जाते. तिथे पाणी घोट्याइतकं, मग गुडघ्याइतकं, मग कमरेइतकं. या उथळ पट्ट्यात देवधान उगवायचं, कमळ असायचं, पाण्याखाली हायड्रिलासारख्या वनस्पतींचे गुंते असायचे. ढिवरांच्या बाया याच पाण्यात उतरून शिंगाडे, कमळकाकडी काढायच्या. आणि मासोळ्यांची बाळंतपणं याच पट्ट्यात व्हायची.

मरळीचंच बघा. नर आणि मादी मिळून उथळ पाण्यातली झाडोरी बाजूला सारतात, वाटोळी जागा मोकळी करतात आणि तिथे अंडी घालतात. पिल्लं बाहेर आली की त्यांचा तांबूस-नारिंगी घोळका पाण्याच्या वरच्या थरात फिरत राहतो आणि खाली आईबाप राखण करत असतात. ज्यानं पाण्यावरची ती तांबूस लाट पाहिली आहे त्याला खाली मरळ आहे हे सांगावं लागत नाही. जुने ढिवर त्या वेळी तिथे गळ टाकत नसत. राखण करणारा जोड पकडला तर पिल्लांचा अख्खा घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून कळलेलं नव्हतं. देशी मागूरसुद्धा काठाजवळच्या उथळ चिखलात, खळग्यात अंडी घालतो. लहान मासोळ्या पाणवनस्पतींच्या आडोशानं वाढतात. म्हणजे आजेसासूबाई म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. या मासोळ्यांना बीज टाकावं लागत नव्हतं. तलावच बीज तयार करत होता.

कटला, रोहू, मृगळ यांचं तसं नाही. हे नदीचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्यात त्यांची वीण होते. तलावाच्या थांबलेल्या पाण्यात ते वाढतात, लठ्ठ होतात, पण सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून पूर्वी यांचं बीज नद्यांमधून गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 या दिवशी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात वीण करवून घेतली. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो याच कारणानं. त्या एका प्रयोगानं देशभर बीज केंद्रं उभी राहिली आणि गोड्या पाण्यातल्या माशाचं उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. त्याचं मोल कमी लेखायचं कारण नाही. रोहू-कटल्यानं आपल्याकडच्या अनेक मच्छीमार सोसायट्यांना पैसा दाखवला आहे.

घोटाळा पुढे झाला. जास्त उत्पादनाच्या नादात गवत्या मासा आला आणि सायप्रिनस मासा आला. गवत्या नावाप्रमाणे पाण्यातलं गवत खातो. छोट्या बंदिस्त तळ्यात ते कामाचं आहे, पण मामा तलावात सोडला की ज्या गुंत्यांत देशी मासोळी अंडी घालते तेच तो चरून टाकतो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरतो. पाणी गढूळ झालं की सूर्यप्रकाश खाली पोचत नाही आणि उरल्यासुरल्या वनस्पती मरतात. त्यात काठानं बेशरम माजलं. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप जनावर खात नाही, पाण्यानं कुजत नाही आणि एकदा उथळ पट्ट्यात शिरलं की दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही. वरून शेतातली तणनाशकं, कीटकनाशकं पावसाच्या पाण्याबरोबर उतरतात. आणि गाळ काढायच्या नावाखाली यंत्रानं तलाव सगळीकडून सारखा खोल खणला की तो हळूहळू उतरणारा काठच नाहीसा होतो. खोल तलावात पाणी जास्त दिवस टिकतं हे खरं, पण मासोळीच्या बाळंतपणाची खोली त्यात मोडली जाते. गाळ जरूर काढावा. पाळीच्या बाजूचा काढावा, येव्याच्या बाजूचा उतार राखावा. तुमच्या गावात गाळाचं काम निघालं तर ग्रामसभेत एवढं एक वाक्य कोणीतरी बोललंच पाहिजे.

हे सगळं उलटं फिरवता येतं का? येतं, आणि ते पाहायला तुम्हाला दूर जायला नको. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव भागात, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाच्या सोसायट्यांना आणि बायकांच्या गटांना बरोबर घेऊन हेच काम केलं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही त्यांची संस्था. त्यांनी आधी म्हाताऱ्या ढिवरांना विचारलं की कोणती मासोळी कुठे अंडी घालते, काय खाते, कोणत्या वनस्पतीखाली लपते. मग उन्हाळ्यात तलाव आटल्यावर बेशरम मुळासकट उपटलं, तलावाच्या पोटात नांगर फिरवला आणि पाऊस पडून पाणी भरू लागल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती हातानं लावल्या. कोवळ्या असताना त्यांना माशांपासून, जनावरांपासून जपलं. यात भारी यंत्र नाही, महागडं औषध नाही. मजुरी आहे, माहिती आहे आणि तीन-चार वर्षांची चिकाटी आहे. देशी मासोळी परतली आणि तिच्या मागोमाग पाखरंही आली. तुमच्या गटानं दुसरं काहीही करायच्या आधी एक दिवस काढून ते तलाव पाहून यावेत. मी याला पहिलं प्रशिक्षण म्हणतो.

तुम्ही बेटांचा विषय काढलात म्हणून एक गोष्ट सांगतो. त्रिनिदाद या बेटावर भारतीय वंशाच्या घरात जन्मलेल्या शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड या पोषणशास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशातल्या खेड्यांत अनेक वर्षं काम केलं. तिथल्या आया त्यांना सांगायच्या की छोट्या मासोळ्या खाल्ल्या की डोळ्यांना चांगलं असतं. बाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही, प्रयोगशाळेत तपासलं. मोला नावाच्या बोटभर मासोळीत अ जीवनसत्त्व भरपूर निघालं. छोटी मासोळी डोक्या-काट्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियम आणि लोहही अंगी लागतं. मोठ्या माशाचे काटे आपण ताटाबाहेर काढतो. एरवी तळ्यात रोहू-कटल्यासारखे कार्प मासे सोडण्याआधी या छोट्या मासोळ्यांना कचरा समजून मारून टाकायची पद्धत होती. बाईंनी दोन्ही एकाच तळ्यात वाढवून दाखवले. कार्प बाजारात विकायचा, मोला घरात खायची. 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. सानगडीच्या तलावालाही हाच मेळ लागू पडतो. रोहू, कटला, मृगळ विक्रीला राहू द्यात; मरळ, मागूर, वाम, झिंगे आणि बारक्या मासोळ्या यांचा हक्काचा काठ त्यांना परत द्या.

आता पैशाचं. केंद्राची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सप्टेंबर 2020 मध्ये सुरू झाली. समुद्रकाठासाठी आणि बेटांसाठी तिच्यात जशी तरतूद आहे तशीच गोड्या पाण्यासाठीही आहे. टीव्हीवर बेटं दिसतात कारण तिथलं पाणी निळं असतं. योजनेत मच्छीमार, सहकारी संस्था, बचत गट, संयुक्त देयता गट, मच्छीमारांच्या उत्पादक कंपन्या सगळ्यांना जागा आहे. सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती यांना 60 टक्के अनुदान. योजनेची मुदत नंतर 2025-26 पर्यंत वाढवली गेली. अर्ज लिहिण्याआधी भंडाऱ्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात चालू वर्षाचा आदेश स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या. ऐकीव माहितीवर खड्डा खणू नका.

हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण. बीज वाढवण्याच्या तळ्यासाठी योजनेनं हेक्टरी 7 लाख रुपये खर्च धरला आहे. तुमच्यापैकी एखादीच्या शेतात दहा गुंठ्यांची बोडी, म्हणजे छोटं तळं, करायची झाली तर तो साधारण 70 हजार होतो. महिला म्हणून 42 हजारांपर्यंत अनुदान बसू शकतं आणि 28 हजार तुमचे. पण हे ध्यानात ठेवा की अनुदान सहसा काम झाल्यावर, पाहणी झाल्यावर येतं. म्हणजे आधी 70 हजार उभे करावे लागतात. इथेच गट अडकतात. गटाचं पासबुक, बँकेचं कर्ज आणि कामाचे टप्पे यांचा मेळ अर्जाच्या आधी बसवा. विक्रीसाठी बर्फाच्या पेटीसह सायकल 10 हजारांपर्यंत आणि मोटारसायकल 75 हजारांपर्यंत धरली आहे, त्यावरही 60 टक्के. ज्या बाया डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासोळी विकतात त्यांच्यासाठी ही सगळ्यात सोपी आणि लगेच उपयोगी पडणारी बाब आहे, तरी तिचे अर्ज मी फार कमी पाहिले.

खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही मिळतं. 2 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेवर फेडलं तर व्याज 4 टक्के पडतं. सावकाराकडे किंवा बीज उधार देऊन मासा पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याकडे जाण्याआधी बँकेत हा शब्द उच्चारा: मत्स्यव्यवसायाचं किसान क्रेडिट कार्ड. शाखेत कोणी ‘ते शेतकऱ्यांसाठी असतं’ म्हणालं तर गप्प बसू नका. 22 एप्रिल 2025 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे, तेही सांगा.

अपघात विमा आहे. मासेमारी करताना मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख. हप्ता सरकार भरतं. डोंग्यातून जाळं टाकणाऱ्या प्रत्येक घरात या विम्याची नोंद आहे का ते या आठवड्यात तपासा. आणि सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंच सुरू झाला आहे. त्यावर आधार, मोबाइल आणि बँक खात्यासह नोंदणी करून ठेवा, गावच्या सेवा केंद्रात होते. पुढची बरीच मदत या नोंदणीवरूनच दिली जाणार आहे.

आता अवघड भाग. तलाव कोणाचा? अनुदान खासगी बोडीला सहज मिळतं, कारण सातबारा हातात असतो. सामाईक तलावात मासेमारीचा हक्क ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थेला दिला जातो. तुमच्या घरातले पुरुष त्या संस्थेचे सभासद असतील. तुम्ही अकरा जणींपैकी किती आहात? नसाल तर सभासद व्हा. मासोळी विकणं, सुकवणं, जाळं दुरुस्त करणं हे सगळं बाया करतात आणि सभासद यादीत त्यांची नावं नसतात, हे मला वर्षानुवर्षं सलतं. सभासद नसाल तर ठेक्याच्या अटींवर, बीज कुठून आणायचं यावर आणि गवत्या सोडायचा की नाही यावर तुमचं मत कुठे नोंदवलंच जात नाही.

विदर्भातल्या गावांना आणखी एक आधार आहे. जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन नोंदींची तरतूद आहे. गावकरी कोणत्या जमिनीचा, पाण्याचा कसा वापर करत आले, सरकारच्या ताब्यात नसलेल्या पाण्यात मासेमारीचा रिवाज काय होता, हे त्यात लिहिलेलं असतं. तहसील कार्यालयातून तुमच्या गावच्या नकला काढून घ्या. तलाव वनजमिनीत असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला पाण्यातल्या मासोळीवर सामूहिक हक्काचा दावा करता येतो. हे कागद जुने, पिवळे, कंटाळवाणे वाटतात. पण ठेका दुसऱ्याच कोणाला गेला की त्या दिवशी तेच शोधावे लागतात.

प्रशिक्षणासाठी पहिलं दार साकोलीचं कृषी विज्ञान केंद्र. तुमच्या तालुक्यातच आहे. गटाच्या नावानं पत्र द्या आणि ‘मत्स्यपालन’ असं मोघम न लिहिता नेमकं लिहा: आम्हाला बोडीत मत्स्यजिऱ्यापासून बोटुकली तयार करायला शिकायचं आहे. दुसरं दार नागपूरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय, महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे, हैदराबादला राष्ट्रीय मत्स्यिकी विकास मंडळ आहे. पण तिथवरचा प्रवास नंतर. बचत गटांच्या उमेद अभियानात तुमचा गट असेल तर ग्रामसंघातून ही मागणी पुढे जाऊ शकते.

बोटुकलीवर माझा एवढा भर का, ते सांगतो. बीज चार वयांत मिळतं: मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली. जिरे खरोखर जिऱ्याएवढं असतं आणि स्वस्त मिळतं. बोटुकली बोटाएवढी आणि महाग. तलावात जिरे सोडलं तर ते बेडूक, पाणकिडे आणि दुसरे मासे खाऊन टाकतात. पैसे पाण्यात जातात. बोटुकली सोडली तर ती तगते. म्हणून जिरे विकत घ्यायचं, बोडीत दोन-अडीच महिने सांभाळायचं आणि बोटुकली करून तलावात सोडायची किंवा सोसायटीला विकायची. नीट निगा राखली तर जिऱ्यातलं तीस-चाळीस टक्के मत्स्यबीज होतं आणि त्यातलं साठ-सत्तर टक्के बोटुकलीपर्यंत पोचतं. म्हणजे एक लाख जिऱ्यातून वीसेक हजार बोटुकली. पुष्कळ मेलं असं वाटेल, पण तलावात थेट टाकलेल्या लाखातून हातात काय येतं ते विचारा. हे काम घराजवळ होतं, सकाळ-संध्याकाळ लक्ष लागतं, डोंगा लागत नाही. बायकांच्या गटाला यापेक्षा चांगली सुरुवात मला दिसत नाही.

बोडी उन्हाळ्यात वाळू द्या, तळाला चुना टाका, कुजलेलं शेणखत घाला. पाणी भरताना तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर ओढ्यातले खाऊ मासे आत शिरतात. जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी साबण आणि तेलाचं मिश्रण पाण्यावर पसरतात. श्वास घ्यायला वर येणारे पाणकिडे त्यानं मरतात. त्यानंतर जिरे. हे सगळं केंद्रात हातानं करून दाखवायला सांगा, फळ्यावर नको.

बीज सोडण्याची वेळ सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका तलावाच्या पाळीवर उभा होतो. बीजाचा टेम्पो पहाटे यायचा तो दुपारी एकला आला. सगळे दमलेले, भुकेले. प्राणवायू भरलेल्या पिशव्या कापून बीज सरळ काठच्या पाण्यात ओतलं गेलं. ते पाणी उन्हानं तापलेलं होतं, पिशवीतलं थंड. मीही काही बोललो नाही, कामाची घाई सगळ्यांनाच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याच्या बाजूच्या काठाला एक पांढरी बारीक रेघ लागली होती, लांबून फेस वाटावा अशी. जवळ जाऊन ओंजळ भरली तेव्हा कळलं की ते बीज होतं. एका वर्षाचा मासा त्या रेघेत गेला.

म्हणून बीज पहाटे किंवा सूर्य कलल्यावरच सोडा. टेम्पो दुपारी आला तर पिशव्या सावलीत ठेवा आणि थांबा. मग बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. तोंड उघडून ओंजळीनं तलावाचं थोडं थोडं पाणी आत घाला, पुन्हा दहा मिनिटं. मग पिशवी आडवी करा आणि हात काढून घ्या. बीज आपणहून बाहेर पोहत जातं. जे जात नाही ते आजारी आहे असं समजा. मोजणीही डोळ्यांदेखत करून घ्या. एका छोट्या वाटीत किती बीज बसतं ते तीनदा मोजून सरासरी काढतात आणि मग नुसत्या वाट्या मोजतात. पहिल्या तीन वाट्या तुमच्या गटातल्या बाईनं मोजाव्यात. आणि बीजात थायी मागूर मिसळलेला नाही ना, हे विचारा. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. तो तलावातलं जे हाती लागेल ते खातो, देशी मागुराला उरू देत नाही.

प्रमाण विचाराल तर वरच्या थरात राहणारा कटला चार भाग, मधला रोहू तीन, तळाचा मृगळ तीन. तिघं वेगवेगळ्या थरात चरतात म्हणून एकमेकांच्या घासावर येत नाहीत. गवत्या आणि सायप्रिनस तुमच्या बंदिस्त बोडीत चालतील. सामाईक तलावात नकोत, असं मी माझ्यापुरतं ठाम मत बनवलं आहे. शासकीय पत्रकांत कधी कधी उलटा सल्ला दिसेल. तो जास्त वजनाच्या हिशेबानं बरोबरही असेल. पण ज्या तलावात मरळ परत यावी असं वाटतं तिथे गवत्या सोडणं म्हणजे पाळणा जाळून शेक घेण्यासारखं आहे.

एक शेवटचं काम, ज्याला अर्ज लागत नाही, पैसा लागत नाही. आजेसासूबाईंजवळ बसा आणि त्यांना आठवतात तेवढ्या मासोळ्यांची नावं लिहून काढा. आपल्या भागात प्रत्येक मासोळीला ढिवरांनी दिलेलं नाव आहे, आणि गाव बदललं की नाव बदलतं. नावासमोर लिहा: ही कोणत्या महिन्यात अंडी घालायची, कोणत्या झाडोऱ्यात सापडायची, चवीला कशी, बाळंतिणीला द्यायची की नाही, शेवटची कधी पाहिली. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली नवेगावला असताना ढिवरांकडून अशीच माहिती टिपून घेत होते. तुमची वही कृषी विज्ञान केंद्राच्या टेबलावर ठेवा आणि सांगा की आम्हाला या यादीतल्या मासोळ्या परत आणायच्या आहेत. प्रशिक्षण देणाऱ्यालाही तिच्यातून शिकायला मिळेल.

आणि जमलं तर तिची एक नक्कल मला पाठवा. सानगडीच्या तलावातली नावं मला माहीत नाहीत, ती मला हवी आहेत.